मिशी काढलेला फौजी

माझ्या लग्नाला माझा देवर नव्हता. तो फौजेच्या ट्रेनिंगमध्ये होता आणि त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याच्याकडून एक पोस्टकार्ड तेवढं आलं. सासऱ्यांनी ते मांडवात एका मास्तराकडून मोठ्यानं वाचून घेतलं. नव्या वहिनीला नमस्कार, माय-बाबाला नमस्कार, आणि मी येईन तेव्हा लग्नाचं जेवीन, तोवर माझ्या वाटचा भात कोणी खाऊ नये, एवढाच मजकूर होता. मांडवभर लोक हसले. मी खाली मान घालून बसले होते, तरी मलाही हसू आलं. ज्याला पाहिलं नाही अशा माणसानं मला त्या घरात पहिल्यांदा हसवलं.

पाच वर्षं तो माझा देवर होता. पंचविसाव्या वर्षी काश्मीरच्या पहाडातल्या लढाईत तो गेला, त्यालाही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणत होते, तुम्ही म्हणत होते. आता लिहायला बसले तर 'तो'च येतं, कारण माझा थोरला मुलगाच आता त्याच्यापेक्षा वयानं मोठा झाला आहे.

माझं माहेर गोंदियाला लागून, मुर्रीचं. बाबा राईस मिलमध्ये मशीनवर होते. धान म्हणजे पोत्यात असतो आणि तांदूळ होऊन बाहेर पडतो, एवढंच मला ठाऊक. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत दोन्ही, अशी मी वाढले. लग्न होऊन आले ते बोदलकसाच्या तलावाखालच्या एका गावात, जिथं घराच्या मागच्या दारापासून बांध्या, म्हणजे धानाची पाणी अडवलेली शेतं, सुरू होतात आणि जुलै महिन्यात माणूस घरात कमी आणि चिखलात जास्त असतो.

त्याच पहिल्या जुलैत आमच्या बांधीत रोवणं चालू होतं. दहा-बारा बाया ओळीनं वाकून धानाची रोपं चिखलात खोचत होत्या. मीही खोचत होते, पण माझी रोपं मी पुढं सरकले की मागं सुटून पाण्यावर तरंगायची. बायांनी दोनदा दाखवलं होतं, तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटत होती. तेवढ्यात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, कोणी तरी म्हणालं,

"हे धान रोवून राह्यली का सोडून राह्यली?"

मी वर पाहिलं. बारीक केस कापलेला, उंच, काळ्या बुटातला एक माणूस खांद्यावर टिनाची पेटी घेऊन उभा होता आणि दात काढून हसत होता. मला राग आला की हिंदी येते. मी त्याला हिंदीत सुनावलं की हसायचं असेल तर तिकडं जाऊन हसा. तो आणखीच हसला. माझ्यापुढं दोन ओळी सोडून सासूबाई होत्या. त्या सरळ झाल्या, त्यांनी डोळ्यावर हात धरला, आणि मग रोवलेल्या ओळी तुडवत धुऱ्याकडं धावत सुटल्या. रोवलेल्या जागेत कोणाचं पाऊल पडलं तर गावभर ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई. तेव्हा मला कळलं की हा कोण.

त्यानं पेटी धुऱ्यावर ठेवली, बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि घरी न जाता सरळ चिखलात उतरला. माझ्या शेजारी वाकून त्यानं दाखवलं. रोप मुळाशी धरायचं, तीन बोटांत, अंगठ्यानं खाली दाबायचं आणि हात काढताना सरळ वर काढायचा. मी हात तिरपा काढत होते, म्हणून मुळं बाहेर येत होती. बाकीच्या बायांना ते इतकं सवयीचं होतं की कोणाला सांगता आलं नव्हतं. त्याला सांगता आलं. नंतर मी त्याला विचारलं की तुम्हाला कसं कळलं. तो म्हणाला, फौजेत पाणी कसं प्यायचं इथपासून सगळं सांगून सांगून शिकवतात, त्याची सवय लागली.

दुपारी तो जेवायला बसला तो उठेचना. ट्रेनिंगमध्ये दोन्ही वेळ रोटी असे. रोटीनं पोट भरते, पण जेवल्यासारखं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस त्यानं भाताशिवाय कशाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच चुलीपुढं बसून त्यानं आम्हा सगळ्यांना रोट्या करून घातल्या, अगदी गोल. सासऱ्यांनी एक खाल्ली, छान झाली म्हणाले, आणि मग भात मागितला.

माझ्या माहेरी शेजारच्या घरांत देवर वहिनीला 'आप' म्हणायचे. हा पहिल्या दिवसापासून मला 'वयनी' आणि 'तू' म्हणू लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या घरात माझे यजमान मुळात कमी बोलणारे, सासरे त्याहून कमी. सासूबाई बोलत, पण कामाचं. तो सुट्टीवर आला की घरात चार माणसं जास्त असल्यासारखं वाटे. सकाळी उठून स्वतःच्या अंथरुणाची अशी घडी घालायचा की उलगडायचं जिवावर यायचं. शिट्टी वाजवत विहिरीवर जायचा. बोदलकसाला मासे धरायला गेला की मासे कमी आणि गोष्टी जास्त घेऊन यायचा. माझा मुलगा झाला तेव्हा त्यानं पत्रात लिहिलं की पोट्ट्याला माझ्यावर जाऊ देऊ नका, एक पुरे.

आणि मिशी. दुसऱ्या सुट्टीत तो मिशी घेऊन आला. जाड, दोन्ही टोकांना वर वळलेली. सासरे पानठेल्यावर कधी थांबत नसत, ते त्या दिवसांत त्याला घेऊन थांबू लागले. स्वतः काही बोलायचे नाहीत, पण कोणी मिशीकडं पाहिलं की त्यांची मान थोडी ताठ व्हायची. रोज अंघोळीनंतर तो तिला बोटभर खोबरेल लावायचा आणि माझ्या आरशात पाहून टोकं वळवायचा. माझा मुलगा रांगायला लागला तेव्हा काकाच्या मांडीवर चढून मिशी ओढणं हा त्याचा उद्योग झाला.

ती मिशी त्यानं का काढली, ते मला सांगायचं आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लेकीबाळी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात, मैदानात ऊस, खेळणी, भज्यांची दुकानं लागतात. आणि दिवसा दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणं आणि गंमत, मधोमध ढोलकी आणि टाळ, आजूबाजूला गोल करून बसलेली माणसं. त्यात बाईचं काम पुरुषच करतो. आमच्या गावच्या दंडारीची ढोलकी माझे सासरे वाजवायचे. दिवसभर तोंडातून चार शब्द न काढणारा हा माणूस ढोलकी मांडीवर आली की असा काही बोलायचा की लोक त्यांच्याकडंच पाहत बसायचे.

बाईचं काम गावातले एक काका वीसेक वर्षांपासून करत होते. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. त्या वर्षी मंडईला पाच दिवस राहिले असताना ते धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या बैलबंडीवरून घसरले आणि पाय मोडून बसले. दुसरं कोणी तयार होईना. तरण्या पोरांना लाज वाटे, मोठ्यांना जमत नसे. दंडार होणार नाही असं ठरत आलं. सासरे संध्याकाळी घरी आले, ढोलकी खुंटीवर टांगली आणि जेवायला नको म्हणाले.

माझा देवर तेव्हा महिन्याच्या सुट्टीवर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते, तिथं तो येऊन उकिडवा बसला. थोडा वेळ त्यानंही दोन-चार खडे वेचले.

"वयनी," तो म्हणाला, "मले साडी नेसवून दे."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले.

"हसून काऊन राह्यली? बाबाची ढोलकी यंदा टांगूनच राहीन का?"

मी त्याच्याकडं पाहिलं. पावणेसहा फुटाचा माणूस, मनगटं माझ्या दंडाएवढी. आणि त्या मिशा. मी मिशांकडं पाहते आहे हे त्याला कळलं. ते पाहू नंतर, आधी नेसवून तर पाह्य, असं म्हणून तो धान ठेवायच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

चार दिवस आम्ही त्या खोलीत दार लावून तालीम केली. माझी लग्नाची हिरवी साडी काढली, कारण जुनेर नेसलं तर कोण पाहील, असं त्याचं म्हणणं. माझा परकर त्याच्या पिंढरीपर्यंतच आला, त्याला खाली सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी जोडली. सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की खाली बसल्या.

साडी नेसवणं सोपं होतं. चालणं शिकवता शिकवता माझे प्राण गेले. तो परेडसारखा चालायचा. हात पुढं-मागं, टाच आधी. वळा म्हटलं की पाय आपटून वळायचा. मी म्हणायची, बाई पाण्याला चालली आहे, बॉर्डरवर नाही. शेवटी मी त्याच्या दोन्ही पायांना गोठ्यातली दोरी बांधली, मध्ये हातभर अंतर सोडून, आणि तशी त्याला खोलीभर फिरवली. दोनदा तो धानाच्या पोत्यांवर पालथा पडला. दुसऱ्या दिवशी, सासरे बांधीत गेले असताना, मोडक्या पायाचे काका स्वतः खाटेवर बसून आले. चौघांनी खाट उचलून आणली. त्यांनी हात कसा फिरवायचा, नजर कशी टाकायची ते बसल्या बसल्या दाखवलं. साठीला आलेला, पांढऱ्या केसांचा, प्लास्टर घातलेला माणूस, पण मान अशी वळवली की मी माझा पदर सावरला. माझा देवर लक्ष देऊन पाहत होता, जसा त्याच्या साहेबांकडं पाहत असेल.

मिशीचा प्रश्न शेवटच्या दिवशी आला. गावच्या न्हाव्यानं वस्तरा लावायला नकार दिला. तुझ्या बापाला विचारून ये, मग पाहू, असं तो म्हणाला. याची बापाला विचारायची हिंमत झाली नाही. लढाईला जाईल पण बापाला विचारणार नाही, असाच तो होता. त्यानं माझ्याकडून आरसा घेतला, गोठ्यामागं गेला आणि आपल्या फौजी दाढीच्या सामानानं स्वतःच मिशी उतरवली.

बाहेर आला तेव्हा माझ्या मुलानं त्याला ओळखलं नाही. तो रडायलाच लागला. काकानं उचलून घेतलं तर आणखी जोरात. तेवढ्यात सासरे बांधीतून आले. अंगणात ते थांबले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, सासूबाई विहिरीपाशी. सासरे त्याच्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिले. तिथं, मिशीच्या जागी, चामडी पांढरी फट्ट दिसत होती. मग ते म्हणाले,

"मिशी महिन्याभरात येते. मंडई वर्षानं येते."

आणि आत जाऊन त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली. त्या दिवशी बाप-लेकानं तासभर ताल बसवला. मी भात शिजवता शिजवता ऐकत होते. बाप वाजवून दाखवायचा, मुलगा पायानं उत्तर द्यायचा. तेवढं बोलताना मी त्या दोघांना कधी ऐकलं नव्हतं.

मंडईच्या दिवशी मी बायांच्या बाजूला, सासूबाईंच्या शेजारी बसले होते. माझ्या मांडीवर मुलगा. ऊन छान होतं, लवकर येणारा हलका धान नुकताच निघालेला, लोकांच्या हातात चार पैसे होते आणि तोंडात ऊस. माझा देवर गोलात आला तेव्हा पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. हिरवी साडी, केसांचा टोप, कपाळावर मोठं कुंकू, पायात घुंगरू. पाऊल लहान, अगदी मोजून हातभर. माझ्या मागं बसलेल्या दुसऱ्या गावच्या एका बाईनं सासूबाईंना हळूच विचारलं की ही पोरगी कोणाची हो. सासूबाईंनी समोरून नजर न काढता सांगितलं, "माहीच."

मग आमच्या गावच्या कोणी तरी त्याला ओळखलं. "अरे, हा तं आपला फौजी होय," अशी आरोळी निघाली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. एका पोरानं तर सलाम ठोकला. इथं तो चुकला. सलाम पाहिला आणि याचा हात सवयीनं कपाळाकडं गेला. शिंप्यानं एका दिवसात शिवलेलं पोलकं काखेत टरकन फाटलं. मला ते दिसलं, सासूबाईंना दिसलं. मी डोळे झाकून घेतले. त्यानं काय केलं, तर तो कोपर बरगडीला घट्ट चिकटवून, फक्त मनगट फिरवत पुढचा सगळा नाच नाचला. लोकांना वाटलं ही नवीनच अदा आहे. मागं खाटेवर काका होते. ते शेजारच्याला म्हणाले म्हणे की वीस वर्षांत मला हे सुचलं नाही.

सासरे ढोलकीवरून मान वर करत नव्हते. पण मी पाहिलं, ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

सुट्टी संपून तो परत गेला तेव्हा ओठावर जेमतेम खुंट उगवले होते. त्याला तिरोड्याच्या स्टेशनवर सोडून यजमान परत आले, तेव्हा सासऱ्यांनी एवढंच विचारलं की त्याचे साहेब रागावणार तर नाहीत. त्याचं उत्तर आम्हाला पुढं दीड वर्षानं मिळालं.

त्यानंतरचा पावसाळा लागला तेव्हा पहाडात लढाई सुरू होऊन काही आठवडे झाले होते. गावात दोन टीव्ही होते, लोक रोज तिथं बसत. आमच्या घरचे बसत नसत. त्याचं शेवटचं पत्र आलं होतं, त्यात तब्येत ठीक आहे आणि इथं बर्फ आहे एवढंच होतं. रोवणं अर्धं झालं असताना एका सकाळी पोलीस पाटील सायकलवरून धुऱ्यापर्यंत आले. ते सायकलवरून उतरले आणि तिथंच उभे राहिले, पुढं आले नाहीत. सासूबाई सरळ झाल्या. त्या वेळी त्या धावल्या नाहीत.

त्या दिवसांचं मला फार आठवत नाही. तीन दिवसांनी त्याला आणलं. तालुक्यातून एवढी माणसं आली की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या अंगणात चपलांचे ढीग राहिले होते, त्यांच्या जोड्या शेजारच्या बाया दोन दिवस लावत बसल्या होत्या. तेरा दिवस आमच्या घरून कोणी शेतात गेलं नाही. चौदाव्या दिवशी मी मागच्या दारात आले तर उरलेल्या सगळ्या बांध्या रोवून झालेल्या. कोणी केलं, कधी केलं, कोणी सांगितलं नाही. मजुरी घ्यायलाही कोणी आलं नाही. ओळी सरळ होत्या, एकही रोप तरंगत नव्हतं.

दिवाळीच्या आधी गावची चार माणसं घरी आली. यंदा दंडार ठेवायची नाही असं आम्ही ठरवलं आहे, असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. ते मान देऊन सांगायला आले होते. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. पाहुण्यांना कळवलं का, असं विचारलं. नाही म्हणाले. मग सासरे म्हणाले, "कायले बंद करता? लेकीबाळी सालभर आस लावून राह्यतात. माझ्या घरचं दुःख माझ्या घरी राहू द्या." आपण मात्र वाजवणार नाही, ढोलकी न्या आणि दुसऱ्याला द्या, असं सांगून त्यांनी ढोलकी काढून दिली.

दंडार झाली. काकांचा पाय बरा झाला होता, ते थोडं लंगडत नाचले. आम्ही घरीच बसायचं ठरवलं होतं. पण आवाज घरापर्यंत येत होता. सासरे ओसरीवर बसून ऐकत होते. जो पोरगा ढोलकी वाजवत होता तो नवीन होता, त्याचा ताल सारखा पुढं पळत होता. सासऱ्यांनी एकदा तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा मांडीवर हात आपटला. तिसऱ्यांदा ते उठले, पायात चपला घातल्या आणि काही न सांगता निघाले. मला वाटलं त्यांना सहन झालं नाही, बांधीकडं गेले असतील. दहा मिनिटांनी ढोलकी एकदम थांबली. मग सुरू झाली, आणि या वेळी ताल जागेवर होता. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गेले बापा," त्या म्हणाल्या. "खराब वाजवलेलं आयकनंच होत नाही त्याईले."

माझा देवर गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. आधी मी, मग त्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसलोच.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, दुपारी एक अनोळखी तरुण दारात आला. लालबुंद झालेला, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. तो हिमाचलकडचा होता आणि माझ्या देवराच्या तुकडीतला होता. घरी जायच्या सुट्टीतले चार दिवस काढून तो आमच्याकडं आला होता. पाणी प्यायल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर हिंदीत विचारलं की मंडई कुठं आहे. मी म्हटलं, मंडई तर दिवाळीनंतर असते. तो बिचारा गोंधळला. माझ्या देवरानं सगळ्यांना मंडईचं आमंत्रण दिलेलं होतं, महिना सांगितला नव्हता.

त्याला मराठी येत नव्हती. सासरे आणि यजमान बाजारापुरती हिंदी बोलत. सासूबाईंनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं की तो काय म्हणते ते मले सांग. मग तो हिंदीत सांगत गेला आणि मी एकेक वाक्य त्यांना आमच्या बोलीत सांगत गेले.

सुट्टीवरून बिनमिशीचा परत गेल्यावर पहिल्याच सकाळी सुभेदार साहेब माझ्या देवरासमोर थांबले. कडक माणूस, त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मूँछ कहाँ गई?" हा ताठ उभा राहून म्हणाला, "साहब, मंडई में काम आ गई।" साहेबांना मंडई म्हणजे काय ते कळेना. यानं सांगितलं. साहेब म्हणाले, असं आहे तर करून दाखव. मग त्या थंडीत, जाड बुटांवर, अंगाला लष्करी कांबळं साडीसारखं गुंडाळून हा नाचला. एका शीख जवानानं रिकाम्या जेरीकॅनवर ताल धरला. साहेब आधी गंभीर उभे होते, मग मागं वळले, आणि पाठमोरे हसत राहिले.

त्या दिवसापासून मंडई हा त्या तुकडीचा शब्द झाला. कोणाचं घरचं पत्र आलं नाही, कोणी गप्प बसला, चार दिवस ढग हटले नाहीत, की कोणी तरी म्हणायचं, आज मंडई होऊ द्या. केरळचा, पंजाबचा, बंगालचा, सगळे मंडई म्हणायचे. निम्म्यांना ते नाचाचं नाव वाटायचं. आणि नाचताना माझा देवर एक कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचा. हे असं का, असं त्यांनी विचारलं तर म्हणायचा की ही आमच्या गावची खास पद्धत आहे.

इथं मला सांगताच येईना. मी हसत होते. सासऱ्यांचे खांदे हलत होते. सासूबाई माझ्याकडं पाहत थांबल्या होत्या, मी सांगितलं तेव्हा त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, तशाच, धानाच्या खोलीच्या दारात हसल्या होत्या तशा. तो तरुण आधी घाबरला. त्याला वाटलं असेल की या घरात रडणं असेल. मग तोही मोकळा झाला आणि बोलत राहिला. शेवटचं त्यानं थोडक्यात सांगितलं. वर चढायचं होतं, माझा देवर पुढं होता, हा मागं होता. यापेक्षा जास्त त्यानं सांगितलं नाही. मीही तेवढंच सांगितलं.

त्याला आम्ही दोन दिवस ठेवून घेतलं. सासूबाईंनी त्याला भात वाढ वाढ वाढला. तो रोटी खाणारा, पण नाही म्हणाला नाही. सासऱ्यांनी त्याच्यासाठी ओसरीवर ढोलकी वाजवली, भर मे महिन्यात, आणि शेजारीपाजारी जमा झाले.

तो गेल्यावर मी भांडी घासत होते. सासूबाई राख घेऊन शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना म्हटलं, मामीजी, माझं सांगणं घाईघाईत झालं, काही सांगायचं राहिलं असेल तर विचारा.

"मले हिंदी समजते वं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाले तिरोड्याच्या बजारात जाऊन राह्यली मी. पन तू सांगतलं म्हनून मले दोनदा आयकाले भेटलं."

सासरे जाऊन आता आठ वर्षं झाली. सासूबाई आहेत. गुडघे दुखतात, कान मात्र चांगले आहेत. मंडईला पाहुणे आले की कोणी तरी नवी सून, नवा जावई भिंतीवरच्या फोटोकडं पाहतो आणि विचारतो. मग त्या सांगायला बसतात. सुभेदाराचं बोलणं हिंदीत, जाड आवाज काढून. दर वर्षी गोष्ट थोडी वाढते. आता त्यांच्या गोष्टीत नाच पाहायला जनरल साहेब येतात, आणि मागच्या वर्षीपासून जनरल साहेबांची बायकोही येते आणि विचारते की ही साडी कुठून घेतली. मी समोर बसून पोहे परतत असते. त्या मध्येच माझ्याकडं पाहतात, साक्षीला. मी हो म्हणते.